लॅपटॉप निवडताना: वेग, वजन आणि किंमत यांचा खरा हिशेब

प्रवेशफेऱ्या आटोपत आल्या की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. बजेट ठरलेले असते, एखाद्या नातेवाइकाचा सल्ला असतो आणि समोर शेकडो मॉडेल असतात. मग निर्णय होतो तो तीन गोष्टींवर: ‘आय७’चे स्टिकर, ‘१६ जीबी’ हा आकडा आणि सुटीचे टक्के. तुमचे काम त्या लॅपटॉपवर कसे चालेल, हे यांतल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही.

तुलना करायची तर तीन वेगळे प्रश्न विचारावेत. अर्धा तास सलग जड काम केल्यावर याचा वेग किती उरतो? चार्जरसकट याचे वजन किती? आणि जितकी वर्षे हा वापरणार, त्या हिशेबाने वर्षाला किती रुपये पडतात? हे तिन्ही प्रश्न एकमेकांशी बांधलेले आहेत. वेग वाढवला की उष्णता वाढते, ती बाहेर काढायला मोठा पंखा आणि जाड अंग लागते, म्हणजे वजन वाढते. वजन कमी ठेवून वेग हवा असेल, तर किंमत वाढते. तिन्ही बाजूंनी सरस असा लॅपटॉप मिळत नाही. म्हणून आपल्याला कुठे तडजोड चालेल, हे दुकानात जाण्यापूर्वीच ठरवावे लागते.

आधी काम लिहून काढा

एका कागदावर पुढच्या चार वर्षांत वापरायच्या सॉफ्टवेअरची नावे लिहा. महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना किंवा प्राध्यापकांना विचारले, तर ही यादी लगेच मिळते.

स्पर्धा परीक्षेची तयारी, ऑनलाइन तास, पीडीएफ, वर्ड आणि एक्सेल एवढेच काम असेल, तर साधा प्रोसेसर आणि चांगला पडदा पुरतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला किंवा कर सल्लागाराला टॅली लागते. ती हलकी आहे, पण विंडोजवर चालते. मॅकसाठी तिची आवृत्ती नाही. यांत्रिकी अभियांत्रिकीत सॉलिडवर्क्स आणि स्थापत्यात रेव्हिट येते. या दोन्हींनाही विंडोजच लागते. ऑटोकॅड मॅकवर मिळते, पण त्यात विंडोज आवृत्तीतल्या सर्व सोयी नाहीत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला आभासी मोबाइल एकाच वेळी चालवायचा असतो, तिथे १६ जीबी रॅम ही गरजच असते. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला जलद प्रोसेसर, रंग अचूक दाखवणारा पडदा आणि भरपूर साठवण लागते.

यादी हाती आली की निम्मी मॉडेल आपोआप गळतात. अॅपलचा लॅपटॉप कितीही चांगला असला तरी ज्याला सॉलिडवर्क्स शिकायचे आहे, त्याच्यासाठी तो चुकीचा आहे. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप २०२४ च्या मध्यापासून बाजारात आले. त्यांची बॅटरी छान टिकते, मात्र जुने प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा प्रयोगशाळेतली उपकरणे यांचे ड्रायव्हर त्यांवर चालतीलच असे नाही. तुमचे काम अशा उपकरणांवर अवलंबून असेल, तर आधी खात्री करून घ्या.

वेग: आकड्याआधी अक्षर वाचा

प्रोसेसरच्या नावात लोक ‘आय५’, ‘आय७’ बघतात. त्याहून महत्त्वाचे असते ते शेवटचे अक्षर. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल, तर तो कमी वीज खाणारा प्रोसेसर. त्याची मूळ क्षमता साधारण १५ वॅट धरलेली असते. ‘एच’ असेल, तर ती साधारण ४५ वॅट. बाराव्या पिढीतले एक उदाहरण पाहा. आय७-१२५५यू आणि आय५-१२३५यू या दोघांतही दहाच कोर आहेत: दोन मोठे, आठ लहान. फरक मुख्यतः वेगमर्यादेत आहे, तोही थोडा. उलट आय५-१२४५०एच या प्रोसेसरमध्ये चार मोठे कोर आहेत. सगळे कोर सतत राबवणाऱ्या कामात हा ‘आय५’ त्या ‘आय७’च्या सहसा पुढे राहतो. नुसत्या ‘आय७’ या नावासाठी आठ-दहा हजार जास्त मोजणारा ग्राहक बऱ्याचदा फक्त स्टिकर विकत घेतो.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावातला ‘आय’ काढला. आता ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे दिसतात. ही दोन वेगळी कुळे आहेत, त्यामुळे ‘अल्ट्रा’ हा शब्द गाळून तुलना करू नका. इथेही शेवटचे ‘यू’ किंवा ‘एच’ बघायचेच. ‘व्ही’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये रॅम चिपबरोबरच बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक बघा. ७५२०यू, ७५३०यू आणि ७६४०यू ही तिन्ही नावे ‘रायझन ५’ म्हणूनच विकली जातात. पण पहिल्यातला ‘२’ सांगतो की त्याची रचना झेन २ आहे, म्हणजे मुळात २०१९ ची. दुसऱ्यातला ‘३’ म्हणजे झेन ३ आणि तिसऱ्यातला ‘४’ म्हणजे २०२२ मध्ये आलेली झेन ४. पहिल्यात चार कोर आहेत, उरलेल्या दोघांत सहा. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपवर एकच ‘रायझन ५’ लिहिलेले असते आणि आत तीन वर्षांच्या तंत्राचे अंतर असते.

प्रोसेसर कळला तरी गोष्ट संपत नाही. तोच प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये जोरात धावतो आणि दुसऱ्यात दहा मिनिटांत मंदावतो, कारण उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था सगळ्यांची सारखी नसते. पहिल्या मिनिटाला सगळेच लॅपटॉप वेगवान असतात. म्हणून परीक्षणे वाचताना किंवा पाहताना सिनेबेंचसारखी चाचणी दहा मिनिटे किंवा अधिक वेळ सलग चालवली आहे का, ते बघा. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटच्या फेरीचा आकडा यांत मोठी घसरण असेल, तर त्या लॅपटॉपवर लांबचे व्हिडिओ रेंडर किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणे त्रासाचे होईल. एक खबरदारी घ्या: सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचे गुण वेगळ्या मापाचे आहेत, त्यांची आपसांत तुलना होत नाही. गीकबेंच या दुसऱ्या चाचणीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचेही तसेच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. अशा खोलीत पंखा नसलेला किंवा फार पातळ लॅपटॉप जड कामात लवकर मंदावणार. तिथे थोडा जाड, हवेच्या झडपा मोकळ्या असलेला लॅपटॉप अधिक शहाणपणाचा.

ग्राफिक्स कार्डाबाबतही हाच नियम. ‘आरटीएक्स ४०६०’ एवढे वाचून थांबू नका, त्याला किती वॅट वीज दिली आहे ते विचारा. हे कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असू शकते. कमी वॅटचे ४०६० आणि पूर्ण वॅटचे ४०५० यांत अंतर फार उरत नाही. वॅटचा आकडा जाहिरातीत सापडला नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशीलपत्रात शोधा. गेम, त्रिमितीय आरेखन किंवा व्हिडिओचे काम नसेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. ते पैसे, वजन आणि बॅटरी तिन्ही खाते.

रॅम आज १६ जीबी धरून चालावी. ८ जीबी घ्यायची वेळ आली, तर एकच प्रश्न विचारा: रॅम वाढवायला मोकळी जागा आहे का? अनेक हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. ज्यांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, ते लॅपटॉप चित्रासाठीही हीच रॅम वापरतात. म्हणून ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा त्यांत जास्त वेग देतात.

साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी हवी. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘ईएमएमसी’ लिहिलेले दिसले, तर तो बाजूला ठेवा. ती फारच संथ असते. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. यात फसवणूक नाही, कंपनी आणि विंडोज यांची मोजणीची पद्धत वेगळी आहे.

वजन: पाठीवर पडते ते सगळे मोजा

जाहिरातीत लॅपटॉपचे वजन असते, चार्जरचे नसते. १५.६ इंची साधा लॅपटॉप १.६ ते १.८ किलोचा असतो, त्याचा चार्जर लहान असतो. त्याच आकाराचा गेमिंग लॅपटॉप २.२ ते २.५ किलोचा आणि त्याचा मोठा चार्जर अर्धा किलोच्या पुढे. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत उभे राहून रोज मुंबईला जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर हा तीन किलोंचा भार किती पडतो, ते दोन महिन्यांत कळते. मग लॅपटॉप घरीच राहू लागतो आणि त्यासाठी मोजलेले पैसे अर्धे वाया जातात. वसतिगृहात टेबलावर ठेवूनच वापरणाऱ्याला मात्र हेच वजन मुळीच जड नाही.

रोज प्रवास करणाऱ्याने १३ किंवा १४ इंची, १.५ किलोंच्या आतला लॅपटॉप बघावा. टाइप-सी पोर्टमधून चार्ज होणारा असेल तर उत्तम, कारण ६५ वॅटचा एकच छोटा चार्जर लॅपटॉप आणि मोबाइल दोघांना पुरतो. मात्र टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. तपशीलपत्रात ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द शोधा.

बॅटरीचा प्रश्नही वजनाचाच भाग आहे, कारण बॅटरी टिकली तर चार्जर घरी ठेवता येतो. ‘१२ तास चालते’ हा कंपनीचा आकडा कमी उजेडात व्हिडिओ चालवून काढलेला असतो. त्याऐवजी बॅटरी किती वॅट-तासांची आहे ते बघा. साध्या कामात लॅपटॉप ताशी साधारण ७ ते १० वॅट-तास वीज वापरतो असे धरा. ४२ वॅट-तासांची बॅटरी मग चार ते सहा तास चालेल, ७० वॅट-तासांची सात ते दहा तास. हा भागाकार जाहिरातीपेक्षा अधिक खरा निघतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे ही तुलना प्रोसेसरच्या आधी करावी.

पडद्याकडे लोक सर्वांत शेवटी बघतात, आणि रोज चार-सहा तास डोळे त्याच्याकडेच असतात. स्वस्त लॅपटॉपचा पडदा साधारण २५० निट्स उजेडाचा आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचा असतो. खिडकीपाशी किंवा उजेडाच्या वर्गात बसणाऱ्याने किमान ३०० निट्स घ्यावेत. फोटो, छपाई किंवा व्हिडिओचे काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी हा उल्लेख हवाच. १९२० बाय १२०० चा पडदा १९२० बाय १०८० पेक्षा थोडा उंच असतो. वाचन आणि लेखन करणाऱ्याला त्यात जास्त ओळी दिसतात.

किंमत: वर्षाला किती पडते?

तीन लॅपटॉप समोर आहेत असे धरू. किमती केवळ उदाहरणासाठी आहेत. पहिला ४५,००० रुपयांचा, यू वर्गाचा प्रोसेसर, ८ जीबी पक्की जोडलेली रॅम, १.७ किलो. दुसरा ६८,००० रुपयांचा, १४ इंची, १६ जीबी रॅम, ७० वॅट-तासांची बॅटरी, १.४ किलो. तिसरा ८०,००० रुपयांचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला, चार्जरसकट तीन किलो.

पहिला चार वर्षांत अपुरा पडू लागेल असे धरले, तर वर्षाला ११,२५० रुपये पडतात. दुसरा सहा वर्षे नीट चालला, तर वर्षाला सुमारे ११,३३० रुपये. दुकानात २३,००० रुपयांचे दिसणारे अंतर वर्षाच्या हिशेबात शंभर रुपयांच्या आत येते आणि रोजचा वापरही सुखाचा होतो. तिसरा पाच वर्षांत वर्षाला १६,००० रुपयांना पडतो. सॉलिडवर्क्स शिकणाऱ्या मुलाला तो योग्य आहे, बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला तो भार आहे. मात्र ४५,००० च्या वर एक रुपयाही शक्य नसेल, तर कर्ज काढून दुसऱ्याकडे जाऊ नका. त्याच किमतीत रॅम वाढवता येईल असे मॉडेल शोधा.

छापील किमतीत न दिसणारे खर्चही जोडा. ‘डॉस’ किंवा लिनक्ससह विकला जाणारा लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण विंडोज लागणार असेल तर तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. बरोबर मिळणारे ऑफिस कायमचे आहे की एका वर्षाचे, ते विचारा. साध्या कामाला मोफत मिळणारे लिब्रेऑफिस पुरते. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, आणि रोख सूट सोडावी लागू शकते. दोन्ही रकमा लिहून मगच ठरवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. व्यवसायासाठी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने आपल्या जीएसटी क्रमांकाचे बिल घ्यावे, म्हणजे नियमांनुसार त्या कराची वजावट मिळते.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की सेवाकेंद्रात नेऊन द्यायची, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यासाठी फार महत्त्वाचे आहे. जवळचे अधिकृत केंद्र जिल्ह्यात आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. केंद्र दीडशे किलोमीटरवर असेल, तर हजार-दोन हजार जास्त देऊन घरपोच सेवेचे मॉडेल घेणे परवडते.

जुना लॅपटॉप घ्यायचा असेल तर

कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांतही मिळतात. थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडसारखी कार्यालयीन मॉडेल अंगाने मजबूत असतात, त्यांचा कीबोर्ड चांगला असतो आणि बहुतेकांत रॅम बदलता येते. कमी पैशांत हा खरोखर चांगला मार्ग आहे, पण एक सीमा पाळा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. ‘आय७’ लिहिलेला सहाव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आठव्या पिढीचा आय५ घ्या.

बॅटरीची स्थिती विक्रेत्यासमोरच तपासा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते पाचशे चार्ज-चक्रांनंतर बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या आसपास येते. त्याहून फार खाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

विकत घेण्यापूर्वी आणि घरी आणल्यावर

दुकानात लॅपटॉप हातात घ्या, एका हाताने उघडून पाहा, चार ओळी टंकून पाहा. पडदा बाजूने बघा; रंग उलटे दिसत असतील, तर तो जुन्या प्रकारचा टीएन पडदा आहे, तो नको. मॉडेलचा पूर्ण क्रमांक टिपून घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे आणि रॅम असलेली अनेक रूपे विकली जातात. परीक्षणात वाचलेला लॅपटॉप आणि तुम्हाला मिळणारा लॅपटॉप यांचा हा क्रमांक जुळायला हवा.

ऑनलाइन मागवला असेल, तर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. बिलावरचा आणि लॅपटॉपखालचा अनुक्रमांक ताडून पाहा. परत करण्याची मुदत संपण्याआधी सर्व पोर्ट, कॅमेरा, ध्वनी, कीबोर्डवरील प्रत्येक कळ आणि वायफाय तपासा. एकदा तासभर तुमचे सर्वांत जड काम सलग चालवा. दोष सापडला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वापर सुरू झाल्यावर, रोज टेबलावरच काम असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. त्याच्या झडपा झाकल्या जातात.

खरेदीआधी कागदावर तीन रकाने आखा: टिकणारा वेग, चार्जरसकट वजन, वर्षाची किंमत. निवडलेली तीन मॉडेल त्यांत भरा आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा असलेला रकाना आधी वाचा. कोणती निवड करायची ते तिथे दिसेल. त्यानंतर सवलतीची मुदत संपत आली म्हणून घाई करू नका आणि कुणी ‘आय७’चा आग्रह धरला म्हणून निर्णय बदलू नका. लॅपटॉप रोज तुम्ही वापरणार आहात. निवडही तुमच्या कामाचीच असू द्या.